अण्णांची योजना

बरेच दिवस काही लिहिलं नाही. कारण अण्णा.

२०२४ च्या नोव्हेंबरात भाताची झोडणी चालू होती आणि अण्णा खळ्यावरच मटकन खाली बसले. "पित्त झालंय," म्हणाले. हे पित्त त्यांना गेली दोन वर्षं चढ चढताना व्हायचं आणि बसलं की जायचं. या वेळी गेलं नाही. पुढचं सगळं भराभर झालं: मुरबाड, कल्याण, अँजिओग्राफी, तीन ठिकाणी ब्लॉक आणि महिनाअखेरीला बायपास. ऑपरेशनबद्दल काही लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही. ते डॉक्टरांनी केलं, आम्ही बाहेरच्या बाकड्यावर चहा पीत बसलो. आमचं काम सुरू झालं ते डिस्चार्जच्या दिवशी.

पहिला प्रश्न, न्यायचं कुठे? मी डोंबिवलीत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ताई बदलापूरला, दोन खोल्या, मुलगी दहावीत. आणि अण्णा आयसीयूमधून बाहेर आल्यापासून एकच वाक्य बोलत होते, "मला घरी न्या." घर म्हणजे मुरबाडहून आत दहा-बारा किलोमीटर, दाराशी पडवी, मागे भाताचं खाचर.

ताईचा ठाम विरोध. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मुरबाडला रेल्वे नाही. रात्री काही झालं तर कल्याणचा रस्ता, आणि पावसाळ्यात उल्हास नदीला पूर आला की रायत्याचा पूल बंद. जुलै २०२१ मध्ये तसं झालंच होतं. मी म्हणालो, आता डिसेंबर आहे. ती म्हणाली, हृदयाला डिसेंबर-जुलै कळत नाही. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये आम्ही दोघं पंचेचाळिशी ओलांडलेली माणसं लहानपणासारखी भांडलो. शेवटी आईने निकाल दिला. "त्यांना आडवं व्हायला आढं लागतं वर. स्लॅबकडे बघून झोप नाय येत त्यांना."

झालं.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर म्हणून सांगतो. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि मग तारेने बांधतात. तार कायम आत राहते. हाड सांधायला सहा ते आठ आठवडे, पुरतं घट्ट व्हायला तीन महिने. तोपर्यंत हातांवर जोर देऊन उठायचं नाही, दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही, आणि मुख्य म्हणजे पेशंटला हात धरून ओढून उठवायचं नाही. कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायला लावायचे, पाठीला आधार द्यायचा. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. तीन चेंडूंचं फुंकणीसारखं यंत्र देतात, पण ते फुंकायचं नसतं, श्वास आत ओढून चेंडू वर चढवायचे असतात. पायातली शीर काढून हृदयाला जोडलेली, म्हणून पायालाही लांबलचक टाके.

ही पायातली शीर वापरायची पद्धत रुजवली ती अर्जेंटिनाच्या रेने फावालोरोंनी, १९६७ मध्ये, अमेरिकेत क्लीव्हलंडला. मी नंतर वाचलं की हा माणूस त्याआधी बारा वर्षं एका खेड्यात डॉक्टरकी करत होता. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मंग त्याला ठाव असंल, माणूस बरा झाला की खेड्यातच जातो." असो.

घरात खाट होती, ती माळ्यावर. उतरवली, खाली विटा लावून उंच केली. संडास अंगणापलीकडे, उकिडवं बसायचा. कल्याणहून कमोडची खुर्ची आणली. वजनाचा काटा, बीपीचं मशीन आणलं. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसलं होतं, नाहीतर आमची काही धडगत नव्हती. पण खुर्ची, काटा, गाडीचं भाडं हे आपल्याच खिशातलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, माणूस.

आई सत्तरीची. दोन्ही गुडघे गेलेले. रात्री तीन वेळा अण्णांना पाठीला हात देऊन बसवणं तिच्याने व्हायचं नव्हतं, आणि झालं नाही की ती हात धरून ओढणार हे मला दिसत होतं. माझी रजा बारा दिवसांची.

ब्युरोंना फोन सुरू केले. "पेशंट बेडरिडन आहे का?" नाही. "डायपर?" नाही. "मग काय करायचंय?" या प्रश्नाचं उत्तर देताना मीच गोंधळायचो. कुणीतरी रात्री जवळ असावं, एवढंच. पत्ता सांगितला की आवाज बदलायचा. "कल्याणच्या पुढे आमची माणसं जात नाहीत." एका ब्युरोने हो म्हटलं, महिन्याचं कमिशन आगाऊ घेतलं आणि एक पोरगा पाठवला. चांगला होता बिचारा. पण मोबाईलला रेंज मिळेना, आणि रात्री मागच्या खाचरात कोल्हे ओरडले. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या एसटीने गेला, न सांगता. कमिशन परत मिळालं नाही.

शेवटी आमच्या आशाताईंनी तोड काढली. ते त्यांचं काम नव्हे खरं तर, पण गावात कुणाच्या घरात कोण काय करतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. शेजारच्या वाडीतले एक गृहस्थ, वॉर्डात मामा म्हणून तीस वर्षं काम करून निवृत्त झालेले. साठी उलटलेली, अंगाने काटक. मी गेलो तर म्हैस धूत होते. रोज किती घेणार विचारलं, तर आधी म्हणाले, "पेशंट शिव्या घालतो का?" मी म्हटलं, थोड्या. "मग बरा होतोय."

आता अण्णा. मामा आले, तर अण्णा भिंतीकडे तोंड करून झोपले. परक्या माणसाने अंघोळ घालायची म्हणजे काय! आणि रोजचे पैसे किती? एवढ्यात दोन गडी शेतात येतात. माझा कोपर धरायला माणूस? मी उभ्या उभ्या थाप मारली. म्हटलं, "अण्णा, हे योजनेतलंच आहे. सरकार देतं. आपण नाही घेतलं तर पैसे वाया." अण्णांनी आयुष्यात काही वाया घालवलेलं नाही. वळले. योजनेत असलं काहीही नाही, हे मला, आईला आणि मामांना माहीत होतं. मामांना दर शनिवारी मी गोठ्यामागे पैसे द्यायचो, चोरासारखे.

मामांनी पहिल्याच दिवशी शाळेची दोनशे पानी वही मागितली. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन. मग बीपी, ताप, टाक्यांतून पाणी येतंय का, किती पावलं चालले. अक्षर ढोबळ, पण एक दिवस चुकला नाही. मी शनिवार-रविवार यायचो तेव्हा अण्णांकडे बघायच्या आधी वही बघायचो.

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात मामांचा बुधवारी ऑफिसात फोन आला. "वजन सोमवारी एकसष्ट, आज साडेत्रेसष्ट. पाय दाबला की खड्डा पडतोय." दोन दिवसांत अडीच किलो म्हणजे मांस नव्हे, पाणी. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी त्याच दिवशी बोलावलं. लघवीची गोळी वाढवली, दोन रात्री ठेवून घेतलं. अजून चार दिवस गेले असते तर रात्री धाप लागूनच आला असतात, म्हणाले. ताईचं वाक्य मला तेव्हा आठवलं. तिने स्वतः मात्र ते काढलं नाही.

खाणं विचारलं तेव्हा उलगडा झाला. आत्या रोज दुपारी भेटायला यायची आणि पदराखालून सुकटाची चटणी आणायची, तांदळाच्या भाकरीबरोबर. आळणी जेवणाने भाऊ खंगतोय म्हणून. खारवलेली, वर मीठ. सगळा दोष चटणीचा नसेलही, पण ती थांबली. आत्या आठ दिवस आमच्याशी बोलली नाही.

पण ज्याने मी खरा घाबरलो ते वहीत नव्हतं. अण्णा बोलेनासे झाले. जेवण ढकलायचे, दुपारभर आढ्याकडे बघत पडायचे. एकदा मला म्हणाले, "उगा वाचवलात. नांगर नाय धरता येत, अंगावर पाणी दुसरा घालतो." आणि रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहत होतो. काय बोलावं सुचेना, उशी नीट करत बसलो. डॉक्टर म्हणाले, या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना असं होतं, लक्ष ठेवा, टिकलं तर औषध देऊ. मामांनी डॉक्टरांना विचारून चालणं थोडं वाढवलं, आणि ते अंगणातून उचलून बांधावर नेलं. "रोज तुमच्या बांधावरचं एक झाड मला सांगायचं, कुणी लावलं ते." दहा-बारा दिवसांनी एका रविवारी मी पोचलो तर बांधावरून शिव्या ऐकू आल्या. शेजाऱ्याने बांध कोरला होता. आईने माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन चहा टाकला.

१३ जानेवारीला पौष पौर्णिमा, म्हशाची जत्रा. अण्णांनी एकही जत्रा चुकवलेली नाही. या वेळी डॉक्टरांनी गर्दीत जायचं नाही म्हणून बजावलेलं. सकाळपासून खुर्ची टाकून ते पडवीत बसले, रस्त्याने जाणारे बैलांचे टेम्पो मोजत. मी निघालो तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं, उशीखालून पिशवी काढायला लावली आणि पाचशेच्या नोटा मोजून दिल्या.

"म्हशाहून एक घोंगडी आण. चांगली बघ, जाड. रात्रीचा मामा माझ्या पायथ्याला गारठतो."

"एवढे कशाला, मी देतो की."

"तू देतोच हायस," अण्णा म्हणाले. "दर शनवारी, गोठ्यामागं. ही घोंगडी तेवढी योजनेतून नको."