कॉलमची रुंदी ८.४३

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत बत्तीस फ्लॅट आहेत. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगआधी सभासदांची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण "तू दिवसभर कॉम्प्युटरवरच असतोस ना". रविवारी सकाळी बसलो. ए कॉलममध्ये फ्लॅट नंबर, बीमध्ये नावं, सीमध्ये कार्पेट एरिया. दुपारी यादी जिन्याखालच्या बोर्डावर लागलीसुद्धा.

संध्याकाळी आई भाजी घेऊन आली. पिशवी हातातच. "माझं नाव कुठं गेलं?"

"आहे की. सेलमध्ये आहे."

"बोर्डावर नाहीये."

खाली जाऊन पाहिलं. घर दोघांच्या नावावर आहे, आधी बाबा, मग आई. कागदावर बाबांचं पूर्ण नाव, आडनाव, एक 'व', आणि संपलं.

एक्सेलचा कॉलम मुळात ८.४३ रुंदीचा येतो, म्हणजे आठेक आकडे मावतील इतका. मी बी कॉलम अंदाजाने ओढून मोठा केला होता. नावं टाइप करताना सगळी नीट दिसत होती, कारण शेजारचा सेल रिकामा होता. शेजारी जागा असली की अक्षरं खुशाल तिकडे पसरतात. मग मी सीमध्ये एरिया भरत गेलो आणि बीमधली नावं एकेक करून तुटत गेली. आकडा मावला नाही तर एक्सेल ##### दाखवून बोंब मारतं. नाव मावलं नाही तर काहीच बोलत नाही. अर्धं नाव पूर्ण असल्यासारखं बसून राहतं.

१९७९ च्या व्हिजिकॅल्कमध्ये सगळ्या कॉलमची रुंदी एकसारखीच ठेवावी लागायची. मला तीही सबब नव्हती. वरच्या पट्टीत दोन कॉलमांमधल्या रेघेवर डबल-क्लिक केलं की झालं.

बत्तीसपैकी एकोणीस घरं जोडीच्या नावावर. एकोणीसही ठिकाणी बायको दुसरी, म्हणून एकोणीसही बायका गायब. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी नोकरी करून घराचे हप्ते स्वतः फेडलेत. त्याही 'व' च्या पलीकडे.

(१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव येतं. माझ्या भाचीचं नाव त्याच कॉलममध्ये घालून पाहिलं. शेजारी आकडा टाकल्यावर तिचं आडनाव उडालं.)

बाबा पूर्वी सोसायटीचे खजिनदार होते. काही न बोलता त्यांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढून दिलं. पट्टीने आखलेले रकाने, नावाचा रकाना माझ्यापेक्षा चिंचोळा. नाव मावलं नाही तिथे त्यांनी सरळ खालच्या ओळीत लिहिलं होतं, त्याच अक्षरात, त्याच शाईत. एक्सेलमध्ये याला 'रॅप टेक्स्ट' म्हणतात. मी कॉलम रुंद केला, रॅप टेक्स्ट लावलं, पान आडवं केलं.

नवी यादी लावताना आई टाचण्या घेऊन शेजारी उभी होती. बोट फिरवत तिने एकोणीस नावं मोजली. मी वर येईपर्यंत बिल्डिंगच्या बायकांच्या ग्रुपवर बोर्डाचा फोटो गेला होता.