गंगेचा गडू

देवघराला रंग द्यायचा म्हणून परवा देव पाटावर काढले. गंगेचा गडू हाताला हलका लागला. हलवून पाहिला, आवाज नाही. तोंडाचा डाख शाबूत, बुडाला मात्र हिरवा कळंक आणि सुईएवढं भोक. आमच्या थळची खारी हवा खिडक्यांचे गज खाते, तिला तांब्याचं काय!

गडू आजोबांनी काशीहून आणलेला. आल्यावर गंगापूजन झालं, मावंदं घातलं. एक गडू फोडून तीर्थ वाटलं, हा ‘वेळेला असावा’ म्हणून ठेवला. आजी तो चिंच-मीठ लावून घासायची. “आजी, काशी कशी आहे गं?” विचारलं, तर म्हणाली, “मला काय ठाऊक? मी मावंद्याचं वाढलं, एवढंच.” गाय व्यायला झाली होती, म्हणून तिला नेलं नाही. त्या गाईवर माझा अजून राग आहे.

आमच्याच जिल्ह्यातल्या, पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी १८५७च्या धामधुमीत उत्तरेत अडकले, झाशीचा वेढा पाहिला, लुटले गेले. तरी गंगेची कावड घेऊन घरी आले आणि आईवडिलांना त्या पाण्याने न्हाऊ घातलं. म्हणजे तिथेही आई घरीच. आणि काशीत औरंगजेबाने १६६९ साली विश्वेश्वराचं देऊळ पाडलं, त्याच्या शेजारी १७८०च्या सुमारास आजचं देऊळ उभं केलं ते अहिल्याबाईंनी. दूरदूरच्या देवळांना गंगेच्या कावडी पोचवायची सोयही त्यांचीच. आजोबा दर्शन घेऊन आले ते एका बाईने बांधलेल्या देवळात. हे त्यांनी आजीला सांगितलं असेल, असं वाटत नाही.

आजीची काशी म्हणजे डोंगरावरचा कनकेश्वर. शिवरात्रीला त्या दगडी पायऱ्या ती अनवाणी चढायची आणि उतरल्यावर दोन दिवस गुडघ्यांना तेल चोळत बसायची. तिची वेळ आली ती पहाटे. घाईत डाख निघेना, पकड कुठे ठेवली ते कुणाला आठवेना. शेवटी तुळशीपत्रावरून विहिरीचं पाणी दिलं. मावंद्याचं वाढलं, एवढंच.

धाकटी बहीण म्हणते, पोस्टातून गंगाजळ मागवू. २०१६पासून मिळतं खरं, बाटलीतून. मी नको म्हटलं. आईचं आणि माझं बनारसचं तिकीट काढलंय. गोठा केव्हाच मोडला, तेव्हा सबब उरलेली नाही.