इमारतीची ग्वाही

क्रिकेट खेळताना लांबचा फटका तुम्ही कसा मोजता? फीत घेऊन कोणी धावत नाही. "टाकीच्या पलीकडे गेला," "शाळेच्या भिंतीवर आदळला," असेच आपण म्हणतो. जवळची वास्तू हीच आपली मोजपट्टी असते.

१९२६ साली आर्थर गिलिगन यांचा एमसीसी संघ मुंबईत आला होता. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाकडून खेळताना नागपूरच्या सी. के. नायडू यांनी १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षटकार होते. एक चेंडू तर जिमखान्याच्या छपरावर जाऊन पडला. ती इमारत आजही उभी आहे. तिच्याकडे मान वर करून पाहा, म्हणजे त्या फटक्याची उंची लक्षात येईल.

आता दूर अमेरिकेत जाऊ. तेथे बेसबॉल लोकप्रिय आहे. नायडूंप्रमाणेच १८९५ साली जन्मलेला बेब रूथ हा त्या खेळातील नामवंत फलंदाज. फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग शहरात पाण्याच्या काठी एक मैदान होते आणि त्याच्याजवळ 'वेस्ट कोस्ट इन' नावाचे हॉटेल. १९३४ च्या मार्च महिन्यात रूथने मारलेला चेंडू मैदानाबाहेर जाऊन थेट त्या हॉटेलवर आदळला, असे तेथील लोक सांगत आले. पुढे ते मैदान गेले, हॉटेलही गेले. मग अभ्यासकांना आधी हॉटेलची जुनी जागा निश्चित करावी लागली. तेव्हा कुठे अंतर मोजता आले. ते ६०० फुटांहून अधिक भरले!

मराठीत 'ग्वाही देणे' म्हणजे साक्ष देणे. तुमच्या उर्दूतील 'गवाही'चेच हे मराठी रूप. माणसांप्रमाणे इमारतीही ग्वाही देतात. मात्र इमारत पडली की साक्षीदार जातो.

नवी मुंबईत तर हे फार लवकर घडते. माझ्या लहानपणी कोपरखैरणेत आमच्या घरामागे मोकळा भूखंड होता व त्याच्या टोकाला पंपघर होते. "पंपघरावर मारला," एवढे म्हटले की सर्वांना कळे. आज तेथे सात मजली इमारत आहे. आता मी पंपघराचे नाव घेतले, तर माझे विद्यार्थी विचारतात, "सर, म्हणजे किती लांब?"

म्हणून एक काम करा. तुम्ही खेळता त्या जागेचा नकाशा वहीत काढा. झाड, टाकी, भिंत यांची अंतरे पावलांनी मोजून लिहा आणि खाली तारीख घाला. उद्या ती जागा राहिली नाही, तरी तुमची वही ग्वाही देईल.