पितरांच्या दिवशी सेऊल

परक्या महानगराची पहिली ओळख सहसा त्याच्या गर्दीतून होते. दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल आम्हांला भेटली ती मात्र गर्दी ओसरल्यावर. २९ सप्टेंबर २०२३ रोजी सकाळी आम्ही उभयता इंचॉन विमानतळावर उतरलो, तो दिवस चुसॉकचा होता. चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्यातील पौर्णिमेस येणारा हा कोरियनांचा सुगीचा आणि पितरांचा सण. गणपतीत मुंबईतील चाकरमानी जसा कोकणाची वाट धरतो, तसा चुसॉकला सेऊलकर आपल्या मूळ गावी जातो. पूर्वजांच्या थडग्यांभोवतीचे गवत कापलेले असते. तेथे जाऊन लेकरेबाळे वाकून नमस्कार करतात.

आगगाडीने आम्हांला तासाभरात सेऊल स्थानकात आणून सोडले. डब्यात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. फलाटावर रंगीत रुमालांत बांधलेल्या भेटींच्या पेट्या आणि फळांच्या करंड्या घेऊन कुटुंबे लगबगीने चालली होती. बाहेर आलो आणि नव्वद लाखांहून अधिक वस्तीचे ते शहर जणू डुलकी घेत असल्यासारखे वाटले. काचेचे उंच मनोरे, आठपदरी रस्ते, पण वाहने विरळ. नामदेमुनच्या जुन्या बाजारात एकामागून एक शटरे खाली ओढलेली. एवढ्या आधुनिक नगराला आपल्या मृतांसाठी असे थांबता येते, याचे आम्हांला नवल वाटले.

आमची पावले म्याँगडाँगच्या कॅथेड्रलकडे वळली. लाल-करड्या विटांचे हे गॉथिक मंदिर १८९८ साली पूर्ण झाले. चढावावरच्या त्या वास्तूला जागाही साजेशी लाभली आहे, कारण याच परिसरात किम बॉम-उ या दुभाष्याच्या घरी कोरियातील पहिले ख्रिस्ती एकत्र जमत. त्यांच्याकडे कोणी मिशनरी आला नव्हता. चीनमधून आलेले धार्मिक ग्रंथ वाचून तेथील विद्वानांनीच श्रद्धेचा शोध घेतला. १७८४ साली यी सुंग-हुन याने बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेतला, आणि परतून आपल्या सोबत्यांना तो दिला. पहिला धर्मगुरू त्या देशात पोहोचला तो दहा वर्षांनी. प्रापंचिकांनी उभारलेली अशी ख्रिस्तसभा जगात दुर्मीळच.

आत मिस्सा चालू होती. स्त्रियांच्या माथ्यावर पांढऱ्या जाळीची ओढणी. मिस्सेच्या शेवटी लोक ओळीने पुढे आले. वेदीसमोरच्या धूपपात्रात प्रत्येकाने चिमूटभर धूप घातला, आणि आपल्या मृतांसाठी कमरेत खोल वाकून तो क्षणभर तसाच राहिला. एका तरुणाने आम्हांला खुणेने पुढे बोलावले. आम्हीही धूप घातला. भाषेचा एक शब्द कळत नसताना आमच्या आईवडिलांची नावे त्या धुरात मिसळली. बाहेर पायऱ्यांवर एका वृद्धेने आमच्या हातांवर साँगप्याँन ठेवले. पाइनच्या पानांवर वाफवलेले, तिळाचे गोड सारण भरलेले, तांदळाचे ते अर्धचंद्र. आम्हांला आपल्या सांदणांची आठवण झाली.

ज्या वाकण्याने आमचे मन भरून आले, त्याच वाकण्यासाठी या भूमीत रक्त सांडले आहे. पितरांच्या स्मृतिपाटांपुढील विधी ख्रिस्ती माणसाला वर्ज्य आहेत, असा निर्णय १७९० मध्ये बीजिंगच्या बिशपांकडून आला. पुढच्याच वर्षी पॉल युन जी-चुंग याची आई वारली. त्याने ते विधी केले नाहीत. पाट जाळून टाकले. मायबापांचा अवमान हा तेव्हाच्या कोरियात राजद्रोहाइतकाच घोर अपराध होता. ८ डिसेंबर १७९१ रोजी चॉन्जू येथे त्याचा आणि त्याचा मामेभाऊ जेम्स क्वॉन सांग-यॉन याचा शिरच्छेद झाला. त्यानंतरच्या शंभरेक वर्षांत छळाच्या लाटांमागून लाटा आल्या. पुढे १९३९ साली पोप बारावे पायस यांच्या कारकिर्दीत रोमने चीनमधील ख्रिस्ती लोकांना असा मान देण्याची मोकळीक दिली, आणि कोरियातही ती मिळाली.

दुपारी आम्ही ग्वांगह्वामुन चौकात उभे होतो. राजवाड्याचे दार सणानिमित्त सर्वांना मोफत खुले होते आणि पारंपरिक पोशाखातील मुले बागडत होती. याच ठिकाणी १६ ऑगस्ट २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी युन जी-चुंग आणि त्याच्या १२३ सोबत्यांना धन्यवादित घोषित केले. त्यापूर्वी १९८४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी याच नगरात १०३ रक्तसाक्षींना संतपद दिले होते. मनात प्रश्न आला : जे पुढे ख्रिस्तसभेने मान्य केले, ते नाकारून मरण पत्करणाऱ्याचे बलिदान व्यर्थ गेले काय?

आम्हांला तसे वाटत नाही. युनला जो प्रकाश मिळाला होता, त्याच्याशी तो एकनिष्ठ राहिला. आईवर त्याचे प्रेम नव्हते असे नाही. तिचे दफन त्याने आदरानेच केले. त्याने देवाला पहिले स्थान दिले. पुढच्या पिढ्यांना त्या नमस्कारातील पूजा आणि आदर यांतील भेद उमगला, आणि ख्रिस्तसभेने तो मान्य केला. एकाच श्रद्धेने एका शतकात 'नाही' म्हणण्याचे धैर्य दिले आणि दुसऱ्या शतकात 'होय' म्हणण्याची उदारता.

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने ख्रिस्ती घरांतील लग्नगीते आणि कितीतरी देशी चालीरीती यांवर बंदी घातली. तरीही वसईच्या आणि साष्टीच्या गावांतून लग्नाची गाणी टिकली, ऑक्टोबरात आगेऱ्याला नव्या भाताची कणसे वेदीपुढे येऊ लागली. आणि संध्याकाळी सेऊलच्या मनोऱ्यांमागून जो पूर्ण चंद्र वर आला, तोच त्या रात्री महाराष्ट्रातही उगवला होता, भाद्रपदी पौर्णिमेचा, पितृपक्षाच्या उंबरठ्यावरचा. मृतांची आठवण ही कोणा एका धर्माची मिरास नाही. ती पुनरुत्थानाच्या आशेने उजळणे, एवढेच आपले काम.

२ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत फुले व मेणबत्त्या घेऊन जातो. अर्ध्या तासात फुले वाहून, घड्याळाकडे पाहत परततो. ज्यांनी आपल्याला श्रद्धा दिली, त्यांच्यापुढे क्षणभर वाकून स्तब्ध राहण्याची उसंत आपण पुन्हा कमवायला हवी. ती सवय एखादे महानगरदेखील राखू शकते, हे त्या पहिल्याच दिवशी आम्हांला दिसले.