न फोडता नारळ

नारळ घेताना आपण तो कानाशी धरून हलवतो. पाणी वाजलं की घेतो. कलिंगडावर टिचकी मारतो. आत काय आहे ते न फोडता कळावं ही माणसाची जुनी हौस! पण टिचकीने फार तर "बरं आहे की नाही" एवढंच कळतं. आतला कण न् कण कुठे आहे याचा नकाशा हवा असेल तर एक्स-रे टोमोग्राफी कामी येते. म्हणजे आपलं ओळखीचं सीटी स्कॅन. काँक्रीटमधल्या भेगा, ओतीव धातूतल्या पोकळ्या, बॅटरीतले थर, सगळं याच तंत्राने बघतात.

साधा एक्स-रे म्हणजे शेवटी एक सावलीच. सगळे थर एकावर एक पडलेले. मग वस्तू थोडी थोडी फिरवून शेकडो-हजारो सावल्या घ्यायच्या आणि त्यावरून आतलं गणिताने काढायचं. कसं? चार घरांची एक चौकट घ्या. प्रत्येक घरात १ किंवा ०. मी फक्त बेरजा सांगणार: प्रत्येक आडव्या ओळीची १, प्रत्येक उभ्या ओळीची १. ओळखा बघू! उत्तरं दोन निघतात, कारण ते दोन १ या तिरप्या रेषेवर असतील नाहीतर त्या. पण एका तिरप्या रेषेची बेरीज कळली की खेळ खलास. कोन वाढवत जा, कोडं सुटत जातं.

योहान राडॉन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने हे १९१७ सालीच मांडलं होतं. प्रत्यक्ष यंत्राने पहिल्या रुग्णाचं स्कॅन व्हायला मात्र १९७१ उजाडलं. ते यंत्र बनवणाऱ्या हाउन्सफील्डला १९७९ साली कॉरमॅकबरोबर नोबेल मिळालं.

असो. मला वेड लावलं ते वेगळ्याच स्कॅनने.

इटलीत इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि हर्क्युलेनियम गाव गाडलं गेलं. तिथल्या एका हवेलीतलं आख्खं ग्रंथालय १७५० च्या दशकात सापडलं. पपायरसच्या शेकडो गुंडाळ्या, पण सगळ्यांचा कोळसा झालेला. उलगडायला जावं तर भुगा. काही लोकांनी सुरीने उभ्या चिरून बघितल्या, आतलं थोडं वाचलं, बाकी गमावलं.

आता टोमोग्राफीने आडवा छेद दिसतो तो थेट बाकरवडीसारखा, वेटोळ्यात वेटोळं. ते वेटोळं कॉम्प्युटरवरच सपाट करायचं. ब्रेंट सील्स या अमेरिकन प्राध्यापकाने २०१५ साली इस्रायलमधल्या एन-गेदीची जळकी गुंडाळी अशीच वाचून दाखवली. तिथे शाई आजूबाजूच्या कातड्यापेक्षा घन होती, त्यामुळे अक्षरं स्कॅनमध्ये उठून दिसली.

हर्क्युलेनियमची गोची निराळी. शाई काजळीची, म्हणजे कार्बन. जळका पपायरस, तोही कार्बन. एक्स-रेला दोन्ही सारखेच! २०१९ साली इंग्लंडमधल्या डायमंड सिंक्रोट्रॉनवर सुमारे ८ मायक्रॉनपर्यंत, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतकं बारीक स्कॅन झालं, तरी अक्षर दिसेना.

मग २०२३ साली हा डेटा सगळ्यांना खुला केला, बक्षिसं लावली. केसी हँडमरला नुसत्या डोळ्यांनी बघताना जाणवलं, की काही ठिकाणी पपायरसचा पोत बदललाय. वाळलेल्या चिखलाला पडतात तशा बारीक भेगा. तीच शाई! ल्यूक फॅरिटर या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्या पोतावर प्रोग्रॅमला शिकवलं आणि पहिला शब्द निघाला. ग्रीकमध्ये "जांभळा". फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला, युसूफ नादेरला आणि ज्युलियन शिलिगरला मिळून ७ लाख डॉलर्सचं बक्षीस जाहीर झालं. हाती आली २००० हून जास्त अक्षरं, गुंडाळीचा जेमतेम ५ टक्के भाग. मजकूर काय? सुख म्हणजे काय, दुर्मिळ गोष्ट जास्त आनंद देते का, यावरची चर्चा.

मंडळी, सुरीने चिरणारे काही मूर्ख नव्हते. त्यांच्या हातात तेवढंच होतं. पण त्यांनी सगळ्याच गुंडाळ्या चिरल्या असत्या, तर आज स्कॅन कशाचं करणार होतो? आपल्या धंद्यात बॅकअप असतो, त्यामुळे "करून तर बघू" म्हणायची सवय लागते. वस्तूला बॅकअप नसतो.

आमच्याकडे आजोबांच्या डायऱ्या आहेत. २६ जुलै २००५ च्या पुरात भिजल्या आणि वाळून त्यांची वीट झाली. काकू दर दिवाळीच्या साफसफाईत म्हणते, "अरे, ब्लेड घालून सोडव, नाहीतर टाकून दे." आजोबा निळ्या-काळ्या शाईने लिहायचे. तेव्हाच्या पर्मनंट शाईत बऱ्याचदा लोहाचा अंश असे, आणि लोह कागदापेक्षा एक्स-रे जास्त अडवतं. एका मध्यमवर्गीय कारकुनाच्या डायऱ्यांसाठी कोणी सिंक्रोट्रॉन लावणार नाही, हे मलाही कळतं. कदाचित आत दूधवाल्याचा हिशेबच असेल. पण आजीशी लग्न ठरलं ते वर्षही त्यातच आहे, आणि त्याबद्दल सांगणारं आता घरात कोणी उरलेलं नाही.

यंदा काकूला मी एवढंच म्हटलं, "राहू दे ना गं. जागा कितीशी लागते?" वीट सुती कापडात बांधून माळ्यावर ठेवली. ब्लेड केव्हाही घालता येईल.