विमानातली बारकी बॅटरी

आज पिकाचं नाही, थोडं आडरानातलं लिहितोय. पण फवारणी पंपाची आणि ट्रॅक्टरची बॅटरी ज्यांनी सांभाळलीय त्यांना लगेच कळेल.

पुतण्या डिप्लोमाला आहे. त्यानं एका ओळखीच्या पोराकडून जुनं रिमोटचं विमान आणलं. शिकायचं विमान, पंख वरच्या अंगाला, ४० साईजचं इंजिन, म्हणजे साधारण साडेसहा सीसी. मिथेनॉलवर चालतं, तेलात एरंडेल असतं, त्यामुळं डोक्यावरून गेलं की वास दरवळतो. आपल्या मुरमाड माळावर पट्टी साफ करून दिली.

या इंजिनाला चालायला बॅटरी लागत नाही. सुरू करताना ग्लो प्लगला दीड व्होल्टची कांडी लावायची, इंजिनानं धरलं की काढून घ्यायची. नंतर प्लग आपल्याच तापावर लाल राहतो. आत जी बॅटरी असते ती रिसीव्हरची. रिमोटचं ऐकायचं आणि चार सर्व्हो हलवायचे, एवढंच तिचं काम. पण ती मेली तर इंजिन बंद पडत नाही. शेवटी जेवढा रेस दिलेला, तेवढ्यावर पळत राहतं. मला हे आधी ठाऊक नव्हतं.

जुन्या विमानात जुनाच चार सेलचा ४.८ व्होल्टचा पॅक होता. सकाळी मीटर मीच लावला. ५.१ दाखवलं. मीच म्हणलं, "भरलीय, उडव."

तिसऱ्या फेरीला डावीकडं वळलं ते वळलंच. पोरगा दोन्ही काड्या दाबतोय, "तात्या, ऐकंना!" इंजिन फुल्ल. शेजारच्या आडसाली लागणीत बायका भांगलत होत्या. मी ओरडत पळालो. विमान त्यांच्यापासून वीसेक पावलांवर नाक खुपसून पडलं. पुढचा पंखा सरीत, पंख दोन ठिकाणी मोडलेला. एक मावशी खुरपं हातात धरून तशीच उभी. माझ्या तोंडातनं शब्द फुटंना. लाकडाचं असलं तरी अडीच किलो वजन आणि फिरता पंखा, कुणाला लागला असता तर काय झालं असतं ते इथं लिहीत नाही.

संध्याकाळी त्याच पॅकला पुन्हा मीटर लावला तर ४.९. म्हणजे ठीकच की! मग डोक्यात आलं, ट्रॅक्टरची बॅटरीपण मीटरवर साडेबारा दाखवते आणि सेल्फ मारला की टक् करून बसते. इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब आणला, पॅकला जोडला. पाच व्होल्टला तो साधारण एक अँपिअर ओढतो. मीटर ४.१ वर आला आणि मिनिटभरात ३.२. एवढ्यात रिसीव्हर बंदच पडणार. मोकळा मीटर बघून मी फसलो होतो.

मग नवी कुठली घ्यायची यावर आमचा आठवडा गेला. चार पेन्सिल सेलची डबी स्वस्त, पण स्प्रिंगवर टेकलेले सेल आणि इंजिनाची थरथर. ग्रास कटर वापरणाऱ्याला सांगायला नको. लिपो हलकी, पण दोन सेलची भरल्यावर ८.४ व्होल्ट होते. आमच्या सर्व्होवर ४.८ ते ६ लिहिलंय, म्हणजे मध्ये रेग्युलेटर आला, बिघडायला अजून एक वस्तू. लायफ ६.६ ची, भरल्यावर ७.२. चांगली म्हणतात, पण तिला वेगळा चार्जर लागतो, आणि तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहून एकदम ढासळतं, त्यामुळं किती उरलीय ते मीटरवर कळत नाही.

शेवटी निकेल मेटल हायड्राइडचा पाच सेलचा ६ व्होल्ट, २००० एमएएच पॅक घेतला, टाके लावून जोडलेला. पुतण्याला चार सेलचाच हवा होता, तीसेक ग्रॅम वजन वाचतंय म्हणून. माझं म्हणणं, चारातला एक सेल गेला तर ३.६ राहतात, विमान गेलं. पाचातला एक गेला तरी ४.८ राहतात, खाली तरी उतरवता येतं. शिवाय पॅक नाकात टाकीखाली बसतो, तिथं वजन असलेलं बरंच.

पॅक आता स्पंजात गुंडाळून बसवलाय. २०० मिलिअँपिअरवर रात्रभर, १४ ते १६ तास, हळू चार्ज करतो. चार उड्डाणं, चाळीसेक मिनिटं झाल्यावर चार्जरनं ३०० च्या आसपास परत भरलं. तरी निम्म्याच्या आत थांबतो. रिमोट तुटला तर इंजिन मंद होईल असा फेलसेफ पोरानं लावलाय. पण बॅटरीच मेली तर सर्व्हो हलवणार कोण? म्हणून बल्ब दर वेळी लावतोच, आणि शेजारी माणसं असली तर त्या दिवशी उडवत नाही.

परवा त्याच मावशी बांधावरून हाक मारून गेल्या, "तात्या, आज बल्ब लावला का?"

कुणी लायफ वापरत असाल तर सर्व्हो किती टिकले ते कळवा.