बदली झालेल्या शामनचं सामान

मंडळी, आजची पोस्ट वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टवर आहे. गेम न खेळणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण शेवटी विषय घर बदलण्याचाच आहे.

2019 मध्ये क्लासिक आलं तेव्हा मी आणि माझा रूममेट हॉस्टेलवर एकत्र खेळायला लागलो. मी शामन, म्हणजे पार्टीतला डॉक्टर. पठ्ठ्याने तीन संध्याकाळी बसून माझी अख्खी स्क्रीन लावून दिली. कुठलं बटण कुठे, कुणाचं रक्त कमी झालं की कुठला रंग, सगळं. पुढे तो टोरांटोला गेला. 2022 मध्ये त्याने वीकेंडचा ग्रुप जमवला, पण दुसऱ्या सर्व्हरवर. इथे शनिवार सकाळचे साडेसात, तिकडे शुक्रवार रात्रीचे दहा. आमच्या गप्पांसाठी उरलेली तेवढीच वेळ. म्हटलं, भरू पैसे, पण जाऊ!

आता गंमत बघा. ट्रान्सफरमध्ये लेव्हल, सामान, सोनं सगळं कंपनी उचलून नेते. अ‍ॅडऑनची सेटिंग्ज मात्र नेत नाही, कारण ती त्यांच्याकडे नसतातच. ती असतात तुमच्याच कॉम्प्युटरवर, 'डब्ल्यूटीएफ' नावाच्या फोल्डरमध्ये. (हसू नका, खरंच तेच नाव आहे.) त्यात अकाउंट, मग सर्व्हर, मग कॅरेक्टर अशी फोल्डरची उतरंड. सर्व्हर बदलला की पत्ता बदलला. गेम नव्या पत्त्यावर जातो, तिथे काहीच सापडत नाही, आणि सगळं कोरं करकरीत!

ग्लोबल कूलडाऊन दीड सेकंदाचा. समोर माणूस मरतोय आणि बटण नेहमीच्या जागी नाही, म्हणजे झालंच. तर मी हे केलं:

1. ट्रान्सफरआधी अख्ख्या फोल्डरची कॉपी काढली.
2. नव्या सर्व्हरवर एकदा लॉगिन केलं, म्हणजे नवीन फोल्डर तयार झाला.
3. गेम पूर्ण बंद केला. हे महत्त्वाचं! लॉगआउट किंवा रीलोड करताना गेम मेमरीतलं सगळं फाइलमध्ये लिहितो, म्हणजे चालू गेममध्ये केलेला बदल पुसला जाणार.
4. जुन्या कॅरेक्टरच्या फोल्डरमधलं सगळं नव्यात टाकलं.

तरीही बारटेंडरसारखे काही अ‍ॅडऑन कोरेच राहतात. ते एस नावाच्या लायब्ररीवर चालतात. त्यांचा डेटा अकाउंटच्या फाइलमध्ये असतो, आणि कुठली सेटिंग्ज कुणाची हे 'नाव - सर्व्हर' अशा जोडीवरून ठरतं. सर्व्हर बदलला की जोडी जुळत नाही. उपाय सोपा आहे: ऑप्शन्समध्ये प्रोफाइल्सच्या यादीत जायचं आणि जुन्या सर्व्हरच्या नावाचं प्रोफाइल निवडायचं. झालं! वीकऑराजचं तर काहीच करावं लागलं नाही, त्याचा सगळा संसार अकाउंटवरच.

फ्लॅट बदलताना टेम्पोत सोफा येतो, कपाट येतं. पण अंधारात पंख्याचं बटण शोधणारा हात मात्र महिनाभर जुन्याच भिंतीवर जातो. इथे निदान भिंतच उचलून आणता येते. शनिवारी रेड सुरू झाली, पहिली चेन हील बोटांनीच मारली, मला विचारलंही नाही. हेडफोनमधून टोरांटो म्हणालं, "अजून तीच स्क्रीन ना रे?" म्हटलं, "तुझीच आहे."

यादीतलं ते प्रोफाइल अजूनही जुन्या सर्व्हरच्या नावानेच आहे. नवीन नावाने कॉपी करता आलं असतं, दोन क्लिकचं काम. पण मुंबईत जन्म काढलेला माणूससुद्धा 'गाव कुठलं?' म्हटल्यावर आजोबांचंच गाव सांगतो. राहू दे.

असो. बॅकअप घ्या, मंडळी!